अझीझची एकशिपी

गावाला कुणी विचारलं की यूसुफ, तू तिकडे आखातात नक्की करतोस काय, तर मी सांगायचो, वाळू चाळतो. समोरच्याला वाटायचं, बिचारा बांधकामावर आहे. मग त्याचा गैरसमज दूर करायला मी पुढे सांगायचो की चाळून खाली पडलेली वाळू आम्ही टाकून देतो आणि वर चाळणीत उरलेला कचरा पिशव्यांत भरून, चिठ्ठ्या लावून जपून ठेवतो. हे ऐकल्यावर लोक विषय बदलायचे. आमच्या मुलीचं, सनाचं, लग्न ठरत होतं तेव्हा मुलाच्या मामांनी माझ्या बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, यूसुफभाईंची तब्येत बरी असते ना म्हणून.

तर हे सगळे गैरसमज एकदाचे मिटावेत म्हणून आपल्या इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकात लिहायला बसलोय. रिटायर होऊन वर्ष झालं. शारजातल्या अल मजाजच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून खालच्या पाण्याकडे बघणं एवढं एकच काम उरलंय, आणि बायकोच्या मते तेही मी नीट करत नाही.

मी वीसेक वर्षं पुरातत्त्वाच्या खोदकामावर मुकादम होतो. जुना माणूस या वाळवंटात कुठे राहिला, कसा राहिला, ते शोधायचं काम. शोधायचे डॉक्टर लोक, वाकायचे आम्ही. लोकांना वाटतं, वाळवंट म्हणजे तिथे कोण राहणार? अहो, सहा-सात हजार वर्षांपूर्वी इथे बऱ्यापैकी पाऊस पडायचा. आत गवत होतं, तळी होती, माणसं शेळ्यामेंढ्या घेऊन हिंडत होती. थंडीत ती किनाऱ्याला यायची, मासे आणि शिंपल्या खायची, टरफलं तिथेच टाकून पुढे जायची. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. असं शेकडो वर्षं चाललं की टरफलांचं टेकाड तयार होतं. राजवाडा नाही, मूर्ती नाही, नाणं नाही. उष्टं तेवढं शिल्लक राहिलेलं असतं, आणि आम्ही ते उष्टं ब्रशने साफ करतो.

बाहेरून बघायला येणाऱ्यांची मात्र घोर निराशा व्हायची. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, सोनं मिळालं का? मी म्हणायचो, मिळालं असतं तर मी इथे उन्हात उभा राहिलो असतो का? एकदा रील बनवणारी दोन पोरं आली, त्यांनी मला खड्ड्यात झोपून सांगाडा व्हायला सांगितलं. आणि एक गृहस्थ चक्क स्वतःचं धातू शोधायचं मशीन घेऊन आले आणि अर्ध्या तासात आमच्याच कामगाराची हरवलेली किल्ली शोधून देऊन गेले. इतक्या वर्षांत बाहेरच्या माणसाने केलेली ती एकमेव मदत.

मी या धंद्यात आलो तो बांधकामाच्या कंपनीतून, त्यामुळे सवय एकच, साइट क्लीन ठेवायची. पहिल्याच आठवड्यात शारजाच्या आतल्या वाळवंटात आम्हाला एका सपाट जागेवर नेलं. सगळीकडे दगडांचे तुकडे विखुरलेले. डॉक्टर मॅडम यायला दोन तास होते. मी म्हटलं, चला, आल्यावर खूश झाल्या पाहिजेत. सगळे दगड वेचले, एका कोपऱ्यात सुरेख ढीग रचला आणि वरून झाडू मारला. मॅडम आल्या, गाडीतून उतरल्या आणि होत्या तिथेच खाली बसल्या. ते विखुरलेले तुकडे म्हणजे जुन्या माणसाने हत्यारं घडवताना उडालेल्या कपच्या होत्या. कुठली कपची कुठे पडली त्यावरून तो कुठे बसला होता, हे कळणार होतं. आता माझा ढीग तेवढा कळत होता.

या मॅडम म्हणजे वैजयंतीबाई. पुण्याच्या, शिंपल्यांच्या आणि हाडांच्या डॉक्टर. मला वाटलं, आता माझं तिकीट काढणार. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "यूसुफभाई, जागेवरून हलवला ना, की तो नुसता दगड." आवाज चढवला नाही, त्यामुळे ते वाक्य माझ्या डोक्यात कायमचं बसलं. पुढची सगळी वर्षं मी त्यांच्याच हाताखाली काढली.

बाईंची एक गंमत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. बाईंना शिंपल्यांतलं सगळं माहीत. नुसतं टरफल बघून ती कुठल्या पाण्यातली, किती वयाची, कुठल्या मोसमात काढली, ते सांगायच्या. पण बाई कट्टर शाकाहारी. जन्मात एक तिसरी, म्हणजे खाडीतली खायची शिंपली, तोंडात घातलेली नाही की कुणी उघडताना बघितलेली नाही. आमचे डबे उघडले की त्या स्वतःचा थालीपिठाचा डबा घेऊन वाऱ्याच्या उलट्या दिशेला जाऊन बसायच्या. मी गुहागरकडचा, खाडीकाठचा. आम्हाला दात यायच्या आधी तिसऱ्यांचं सार पाजतात. मी एकदा म्हटलं, मॅडम, एकदा चव तरी घ्या, अभ्यासाला मदत होईल. त्या म्हणाल्या, हाडांचाही अभ्यास करते, माणसांच्या हाडांचासुद्धा.

आता मुख्य गोष्ट. शारजाच्या पुढे उम्म अल कुवैनला खाडी आणि रस्ता यांच्यामध्ये एक टरफलांचं टेकाड होतं. जागा खाजगी मालकाची, तिथे व्हिला उठणार होते. बाईंना खोदायला दोन हिवाळे मिळाले होते. दुसऱ्या हिवाळ्याच्या डिसेंबरात एक सरकारी कमिटी येणार होती. टेकाड खरंच जुनं आहे, तिथे माणसं बसून रांधून खात होती, असा पुरावा, म्हणजे जागेवरची चूल, दाखवली तर टेकाडाला कुंपण मिळणार. नाही दाखवली तर बुलडोझर. मालकाचा मॅनेजर दर सोमवारी पांढऱ्या गाडीतून यायचा, काच चार बोटं खाली करायचा आणि विचारायचा, "खलास?" बाई म्हणायच्या, "इन्शाल्ला." काच वर जायची. एवढंच संभाषण, दोन हिवाळे.

माझ्या टोळीत अझीझ होता. श्रीवर्धनकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, साठीला टेकलेला. मी मुकादम आणि तो कामगार असला तरी तो मला "यूसुफ, इकडे ये" असंच म्हणायचा आणि मी जायचो. डावखुरा होता. डाव्या हातात करणी, म्हणजे खरवडायची छोटी थापी, धरून असं हलकं काम करायचा की नाजूक काही लागलं की बाई त्यालाच हाक मारायच्या. शिवाय कण्णूरचा हमझा आणि पेशावरकडचा गुलखान नावाचा पठाण.

पहिल्या हिवाळ्याचा शेवटचा दिवस. एप्रिल तोंडावर आलेला, ऊन चढलेलं, खोदलेले चौकोन झाकून झाले होते. बाई सामानाच्या पेट्या घेऊन शारजाला ऑफिसात गेल्या होत्या. खाडीला ओहोटी. अझीझ पँट गुडघ्यापर्यंत वर करून गेला आणि अर्ध्या तासात बादलीभर तिसऱ्या घेऊन आला. डब्यात त्याच्याकडे घरचा मसाला कायम असायचा. म्हणाला, एकशिपी करू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिसरी विळीवर उघडायची, एक शिंपली टाकून द्यायची आणि दुसरीत मांस तसंच ठेवायचं, ती एकशिपी. आमच्याकडे विळी नव्हती, पण करणी होती. खोदकामाची करणी टोकदार असते. तिचं टोक सांध्याशी घालून पिळलं की तिसरी कट्‌कन उघडते. मग मसाला, मीठ लावून शिंपलीसकट निखाऱ्यावर. काय सांगू तुम्हाला तो वास. मी आणि अझीझ शाफई पंथाचे, हमझाही शाफई, समुद्रातलं सगळं आम्हाला चालतं. गुलखान हनफी पंथाचा, त्याला शिंपल्या चालत नाहीत. तो आपला डाळीचा डबा घेऊन समोर बसला आणि सगळा वेळ म्हणत राहिला, "मुकादम, ये खाना है या बटन?"

आणि आम्ही शहाणी माणसं बरं का. खोदलेल्या चौकोनात बसायचं नाही हा नियम आम्हाला पाठ. म्हणून दोन पावलं बाजूला, अजून न खोदलेल्या जागी, टेकाडाच्या आडोशाला, हातभर खळगा करून निखारे केले. खाऊन झाल्यावर अझीझने आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे रिकाम्या शिंपल्या त्याच निखाऱ्यांवर टाकल्या, वर वाळू लोटली, पायाने थोपटली. जागा अशी साफ केली की कुणाला संशय येऊ नये. सवय जात नाही ना.

उन्हाळा गेला. शमालने, म्हणजे इथल्या वायव्येच्या वाऱ्याने, सहा-सात महिने वाळू अंथरली. नवं काम सुरू झालं तेव्हा मी गावाला होतो, सनाच्या लग्नाला. पंधरा दिवस उशिरा साइटवर पोचलो तर बाई धावत समोर आल्या. त्या बाईंना मी तोपर्यंत कधी धावताना बघितलं नव्हतं.

"यूसुफभाई, चूल मिळाली."

मी म्हटलं, मुबारक हो मॅडम. गेलो बघायला. नवा चौकोन जुन्याच्या शेजारीच उघडला होता. खळगा, काळी राख आणि तिच्यात भाजून करड्या पडलेल्या शिंपल्या. प्रत्येक शिंपलीशेजारी छोटी चिठ्ठी. चारही बाजूंनी दोरी बांधलेली. बाजूला फोटोसाठी काळी-पांढरी पट्टी ठेवलेली. ही आमची चूल होती. मी माझं जेवण बघत होतो, आणि त्याला चिठ्ठ्या लावलेल्या होत्या.

बाई बोलतच होत्या. छोटं कुटुंब असावं, म्हणाल्या. टोकदार दगडी हत्याराने उघडल्या आहेत, सांध्याजवळ खाच बघा. मग त्यांनी दोन शिंपल्या तळहातावर घेतल्या आणि आवाज एकदम खाली आणला. म्हणाल्या, बहुतेक खाचा एका बाजूला आहेत, पण काही शिंपल्यांना बरोबर उलट्या बाजूला आहेत. "यूसुफभाई, यांच्यातला एक जण डावखुरा होता. सात हजार वर्षांपूर्वीचा डावखुरा माणूस. कल्पना करा."

मला कल्पना करायची गरज नव्हती. तो माणूस बाईंच्या मागे चहाचा कप घेऊन उभा होता. त्याने कप हळूच उजव्या हातात घेतला आणि डावा खिशात घातला.

दुपारी मी अझीझला गाठलं. तू इथेच होतास ना, म्हटलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, ते उघडलं त्या दिवशी मी दुसऱ्या टोकाला चाळणीवर होतो. समजलं तोवर बाईंनी पुण्याला आईला फोन लावला होता आणि फोनवर रडत होत्या. कसं बोलू? आणि कळणार कुणाला, खाडी तीच, तिसऱ्या त्याच. मग मी त्याला समजावलं. बाई गुरुवारी यातली राख आणि शिंपल्या परदेशी लॅबला पाठवणार होत्या. लॅबवाले वय सांगतात. वय येणार काहीच नाही. कमिटी म्हणणार, चूल आजची म्हणजे टेकाडही आजचंच, पिकनिकवाल्यांचा उकिरडा. बाईंचं हसं होणार आणि बुलडोझर येणार. आपण सांगितलं तर आपली नोकरी जाईल, नाही सांगितलं तर टेकाड जाईल.

अझीझ म्हणाला, "सांग तू. माझं नाव घे. हात माझा होता."

खरं सांगतो, तरी मी दोन दिवस गेलो नाही. घरी मुलीच्या लग्नाचा हॉल, व्याही, सगळं नुकतं उरकलेलं, आणि मी डोळ्यांसमोर स्वतःला बॅगा भरताना बघत होतो. बाईंच्या चेहऱ्यावरचा आनंद बघितला की पाय मागे यायचे. बुधवारी सकाळी शेवटी त्यांच्या पोर्टा केबिनचं दार वाजवलं. आत त्या सॅम्पलच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या.

"मॅडम, ती चूल सात हजार वर्षांची नाही."

"मग किती?" त्या वर न बघता म्हणाल्या.

"सात महिन्यांची."

त्यांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं. ओहोटी, करणी, मसाला, निखारे, सगळं. नावं सांगितली. त्यांचे डोळे भरले, पण पाणी खाली पडलं नाही. म्हणाल्या, आईला काय सांगू मी आता? मला त्या क्षणी जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. या बाईंना शिव्या येत नाहीत हीच अडचण.

मग त्यांनी नळ्या बाजूला सरकवल्या, कोरा कागद घेतला आणि विचारलं, "किती जण होतात? कोण कुठे बसलं होतं? नीट आठवून सांगा."

मला वाटलं, पोलिसात देणार. नाही हो. बाईंनी आमच्या जेवणाचा नकाशा काढायला घेतला. मी एक सांगतोय, हमझा दुसरं. शेवटी साक्षीला उपयोगी पडला तो गुलखान, कारण तो जेवत नव्हता, बघत होता. त्याने बादली कुठे होती, कोण कुणाच्या डावीकडे होतं, हमझाने शिंपल्या मागे कुठे भिरकावल्या, सगळं बोट ठेवून दाखवलं. वर म्हणाला, "मैडम, मैंने बोला था, ये खाना नहीं है."

दुसऱ्या दिवशी बाईंनी फर्मान काढलं, माझ्यासमोर उघडून दाखवा. अझीझने ताज्या तिसऱ्या आणल्या. बाई ओढणी नाकाला लावून समोर बसल्या आणि वहीत लिहीत गेल्या. करणीची खाच कशी पडते, उजव्या हाताची कशी, डाव्याची कशी. मग आम्ही त्या चौकोनातली एकेक पिशवी ओतली आणि एकेक शिंपली बोटांनी चाचपून आमच्या निवडून काढल्या. जुन्यांना ती खाच नव्हती. जुन्या माणसाने निखाऱ्यावर ठेवून आपोआप उघडू दिल्या होत्या, आमच्यासारखी एकशिपीची चैन त्याला माहीत नव्हती. चार दिवस हे काम चाललं. एवढी वर्षं डॉक्टर मला शिंपल्या शिकवायच्या, त्या चार दिवसांत त्यांनी मला विचारलं. लाज आणि अभिमान एकाच वेळी वाटू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

पण चूल गेली ती गेलीच. कमिटीला तीन आठवडे उरले होते. सोमवारी मॅनेजरची काच खाली आली, "खलास?" आणि त्या दिवशी पहिल्यांदा बाईंनी उत्तर दिलं नाही. गाडी गेल्यावर त्या आमच्या खळग्यापाशी उभ्या राहिल्या आणि अझीझला म्हणाल्या, एवढं मोठं टेकाड पडलंय, तुम्ही नेमके इथेच का बसलात?

अझीझला वाटलं, पुन्हा चौकशी. तो चाचरत म्हणाला, "बाई, इथे वारा लागत नाही ना. शमाल सुटला की टेकाडावर कुठेही निखारा टिकत नाही. इथे टिकतो."

बाई माझ्याकडे वळल्या. वारा आजचा नाही, यूसुफभाई, तो तेव्हाही तिकडूनच यायचा, म्हणाल्या. आणि आमच्याच खळग्याच्या खाली खोदायला लावलं.

अझीझ उतरला. कधी बोटाएवढं, कधी त्याच्या अर्ध्यानं, असं खाली जात राहिलो. पाचव्या दिवशी, दीड हात खाली, त्याच्या करणीखाली काळं आलं. गोल, दोन वितींचं, कडेला तडकलेले दगड. भाजलेल्या शिंपल्या, एकीलाही खाच नाही. आणि मध्ये मूठभर लांबुडके चिखलातले शंख, शेपटाकडून फोडलेले. हे शंख आता त्या खाडीत मिळत नाहीत. अझीझने करणी खाली ठेवली आणि बिस्मिल्ला म्हणून हात मागे घेतला.

बाई वाकल्या, बघितलं आणि पहिला प्रश्न मला विचारला. "यूसुफभाई, हे तर तुमचं नाही ना?"

"नाही मॅडम," मी म्हटलं, "हे आमचं नाही."

सॅम्पल गेलं, वय आलं, हवं तेवढं जुनं आलं. कमिटी आली, बघून गेली, टेकाडाला कुंपण मिळालं. व्हिला रस्त्याच्या पलीकडे झाले आणि मला वाटतं मालकाचंही काही अडलं नाही. शेवटच्या सोमवारी मॅनेजरने काच पूर्ण खाली केली तेव्हा आम्ही त्याचा चेहरा पहिल्यांदा बघितला. चांगला हसरा माणूस निघाला. बाईंनीच त्याला सांगितलं, "खलास."

गोष्ट इथे संपवली असती तर बरं झालं असतं. पण रिपोर्ट लिहायचा होता. वरचा थर म्हणजे आमचं जेवण, ते लिहिल्याशिवाय खालचा थर सिद्ध होत नाही. मी बाईंच्या हातापाया पडलो की नावं घालू नका. त्या म्हणाल्या, ज्यांनी सांगितलं त्यांची नावं नाही लिहिली तर कुणी विश्वास का ठेवावा? अझीझ म्हणाला, लिहा बाई, एवढं शिकलेल्या माणसांच्या कागदात माझं नाव कधी येणार? नाव आलं. कागद कामगार पुरवणाऱ्या कंपनीकडे गेला. कंपनीला अझीझच्या वयाचं निमित्त हवंच होतं, त्याचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. बाई तीन वेळा जाऊन भांडून आल्या. मला फक्त एक वॉर्निंग लेटर मिळालं, कारण मुकादम दुसरा लगेच मिळत नव्हता. बादली अझीझने आणली, पण परवानगी माझी होती. मी कंपनीत जाऊन हे सांगायला हवं होतं. मी बाईंना सांगितलं, कंपनीला नाही. धाडस एकदाच जमलं मला.

अझीझने कधी बोलून दाखवलं नाही. श्रीवर्धनहून व्हॉइस मेसेज पाठवायचा, इथे तिसऱ्या बारीक झाल्यात, विळीची धार गेली, तुझ्या बाईंनी अजून खाल्ल्या की नाही. दोन वर्षांनी त्याच्या मुलाचा मेसेज आला, अब्बा गेले. काम चालू होतं, मी जाऊ शकलो नाही. जाऊ शकलो असतो. गेलो नाही.

गेल्या हिवाळ्यात मी रिटायर होताना बाईंनी मला त्यांच्या स्टोअरमध्ये बोलावलं. सना दुबईत सिलिकॉन ओएसिसला असलेल्या तिच्या ऑफिसातून सुट्टी घेऊन मला सोडायला आली होती. रॅकवर पेट्याच पेट्या. बाईंनी एक खाली काढली. आत जुन्या चुलीच्या शिंपल्या आणि त्याच पेटीत, वेगळ्या पिशवीत, आमच्या. मी चकित झालो. म्हटलं, मॅडम, हे अजून ठेवलंय? त्या म्हणाल्या, पहिला थर आहे तो, टाकून कसा देऊ? सना चिठ्ठी वाचत होती. "अब्बा, इट सेज मॉडर्न मील, थ्री पर्सन्स, वन लेफ्ट-हँडेड. इज धिस यू?"

मी म्हटलं, तिघांतला एक मी.

मग टेबलावर पिशवी ओतून मी खाचा बघत गेलो. उजव्या बाजूच्या एकीकडे, डाव्या बाजूच्या दुसरीकडे. डाव्या अकरा निघाल्या. त्यातली एक हातात घेतली. सांध्याशी कट्‌कन उघडतानाची एवढीशी खाच, अगदी स्वच्छ. अझीझच्या हाताचं जगात एवढंच उरलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. सनाने माझा दंड धरला.

एवढ्या वर्षांत एक खडा कुणाला उचलू न दिलेल्या बाई. त्या म्हणाल्या, "एक घेऊन जा, यूसुफभाई. त्यांच्या घरी द्या. नोंद मी करते."

मी शिंपली हातात फिरवली. श्रीवर्धनला त्याची बायको आहे, तिला काय सांगायचं, तेही मनात जुळवून झालं. मग ती बाकीच्या दहांत परत ठेवली, डाव्या-उजव्या सगळ्या पिशवीत घातल्या, पिशवी जुन्या चुलीच्या शिंपल्यांशेजारी ठेवली आणि पेटी बंद केली.

"नको मॅडम," मी म्हटलं, "जागेवरून हलवली की ती नुसती शिंपली."